सोळा डिसेंबरची रांग

२००२च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत, इमिग्रेशन खात्याच्या कचेरीबाहेर जी रांग लागली, ती कोणी दंडुक्याच्या धाकाने लावलेली नव्हती. माणसं आपल्या पायांनी आली होती. हातात फायली होत्या. पासपोर्ट, व्हिसा, राहत्या घराचा पुरावा, नोकरीचा नाहीतर कॉलेजचा दाखला. कोणी वकिलाला बरोबर घेतलं होतं, कोणी बायकोला. रांगेत नुकती मिसरूड फुटलेली मुलंही होती, कारण हुकूम सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या पुरुषांना लागू होता.

हुकूम ऐकायला साधा होता. इराण, इराक, लिबिया, सुदान आणि सीरिया या पाच देशांचे जे पुरुष तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आले आहेत, त्यांनी १६ डिसेंबरपर्यंत कचेरीत हजर व्हावं, बोटांचे ठसे आणि फोटो द्यावेत, विचारलेल्या प्रश्नांची शपथेवर उत्तरं द्यावीत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी आणलेल्या या योजनेचं लांबलचक सरकारी नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे 'विशेष नोंदणी' म्हणत. यादीत देश पाच असले, तरी लॉस एंजेलिसमधली रांग मुख्यतः इराण्यांची होती. इराणच्या बाहेर इराण्यांची सर्वांत मोठी वस्ती याच शहराच्या परिसरात आहे. वेस्टवुड बुलेवार्डवरच्या फारसी पाट्या, कबाबची आणि पुस्तकांची दुकानं पाहून लोक त्या भागाला गमतीने 'तेहरानजेलिस' म्हणतात.

सकाळी आत गेलेले कित्येक जण संध्याकाळी बाहेर आलेच नाहीत. बायका-मुलं बाहेर गाडीत बसून वाट पाहत राहिली. मग फोन सुरू झाले, फारसी रेडिओवर चर्चा सुरू झाली, आणि एक-दोन दिवसांत कळलं की नोंदणीला गेलेल्या शेकडो माणसांना अटक झाली आहे. नेमका आकडा काय, यावर खातं आणि वकील यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पण तो शेकड्यांतला होता याबद्दल वाद नव्हता. कोठड्या कमी पडल्या, तेव्हा माणसांना बेड्या घालून बसने दुसरीकडच्या तुरुंगांत हलवलं गेलं.

यातल्या बहुतेकांचा गुन्हा काय होता, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. व्हिसाची मुदत संपलेली, पण ग्रीन कार्डचा अर्ज सरकारदरबारी पडून, अशी ही माणसं होती. २००० साली अमेरिकन संसदेने एक सवलत दिली होती. मुदत उलटून गेलेल्या माणसानेही ३० एप्रिल २००१पर्यंत नातेवाइकामार्फत किंवा मालकामार्फत अर्ज दाखल केला आणि पुढे हजार डॉलर दंड भरला, तर देश न सोडता त्याला ग्रीन कार्ड मिळू शकत होतं. हजारो लोकांनी अर्ज केले. अर्ज निकाली काढायला त्याच इमिग्रेशन खात्याला वर्षानुवर्षं लागत होती. म्हणजे एका खिडकीवर खातं सांगत होतं की तुमचा अर्ज पोचला, थांबा, आणि दुसऱ्या खिडकीवर तेच खातं थांबल्याबद्दल अटक करत होतं. ग्रीन कार्डची वाट पाहणं म्हणजे काय, हे पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांना सांगायला नको. पण त्या यादीत भारत नव्हता. पाकिस्तान आणि बांगलादेश नंतर आले, आणि ब्रुकलिनच्या कोनी आयलंड ॲव्हेन्यूवरची पाकिस्तानी दुकानं ओस पडू लागली.

अटक झालेल्यांत इराणी ज्यूही होते. ज्या राजवटीच्या भीतीने त्यांनी देश सोडला, त्याच राजवटीची माणसं असल्याचा संशय घेऊन त्यांना कोठडीत टाकलं गेलं. आणि खऱ्याखुऱ्या दहशतवाद्याने आपणहून कचेरीत येऊन ठसे दिले असते, अशी अपेक्षा ही योजना आखणाऱ्यांनी कशाच्या आधारावर केली, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१८ डिसेंबरला शहरात मोर्चा निघाला. हजारोंच्या संख्येने लोक जमले. एका फलकावर विचारलं होतं, 'आता पुढे काय, छळछावण्या?' ज्या कचेरीत अटका झाल्या, तिथून लिटल टोकियो चालत काही मिनिटांवर आहे. १९४२ साली तिथल्या एका बौद्ध मंदिरासमोरून जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना बसमध्ये भरून छावण्यांकडे नेलं होतं. आज ते मंदिर जपानी अमेरिकन संग्रहालयाचा भाग आहे. फलक लिहिणाऱ्याला इतिहास पुस्तकात शोधायला लागला नसेल.

त्या मोर्चाचं नवल अशासाठी, की अमेरिकेतल्या इराण्यांनी आधीची वीस-बावीस वर्षं नेमकं याच्या उलट केलं होतं. त्यांनी दिसणंच टाळलं होतं.

त्याची मुळं १९७९मध्ये आहेत, आणि थोडी त्याआधी. आज अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो मान इराणचा होता. इराणचा तेव्हाचा राजा शाह याच्या तेलाच्या पैशावर आणि मध्यमवर्गीय बापांच्या बचतीवर आलेली पन्नास हजारांहून जास्त मुलंमुली १९७९-८०मध्ये अमेरिकन कॉलेजांत शिकत होती. बरीचशी इंजिनिअरिंगला, टेक्सास, ओक्लाहोमा, कॅलिफोर्नियात. ही मुलं काही मुकी नव्हती. १५ नोव्हेंबर १९७७ रोजी शाह व्हाइट हाउसला आला, तेव्हा बाहेर त्याचे विरोधक आणि समर्थक विद्यार्थी भिडले. पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर वाऱ्याने हिरवळीवर आला, आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि शाह दोघेही रुमालाने डोळे पुसत असल्याचे फोटो जगभर छापून आले. विरोधक मुलं तोंडावर कागदी मुखवटे लावून आली होती. शाहची गुप्त पोलिस यंत्रणा सावाक अमेरिकेतही फोटो काढते, घरच्यांना त्रास देते, हे त्यांना ठाऊक होतं. आपलं नाव कुणाच्या तरी यादीत जाऊ नये ही खबरदारी त्यांनी अमेरिकन सरकारला भिऊन शिकलेली नव्हती. ती मायदेशातून आणलेली होती.

मग इराणात क्रांती झाली, शाहची सत्ता जाऊन खोमेनीची आली, आणि ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधली अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांच्या जमावाने ताब्यात घेतली. शेवटी ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. रोज रात्री टीव्हीवर दिवसांचा आकडा वाढत होता आणि रस्त्यावर राग. ओलीस धरल्यानंतर आठवडाभरातच कार्टर यांनी हुकूम काढला की देशातल्या प्रत्येक इराणी विद्यार्थ्याने इमिग्रेशन खात्यासमोर हजर होऊन पत्ता, पासपोर्ट, कॉलेजात नाव असल्याचा पुरावा द्यावा आणि फोटो काढून घ्यावा. जे नियम मोडून राहत असतील त्यांना परत पाठवलं जाईल.

हुकमाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. डिसेंबरात वॉशिंग्टनच्या न्यायाधीश जॉइस हेन्स ग्रीन यांनी तो घटनाबाह्य ठरवला. एकाच देशाच्या माणसांना असं वेगळं काढता येणार नाही, असा त्यांचा निर्णय होता. पंधरा-सोळा दिवसांत वरच्या न्यायालयाने तो फिरवला. परराष्ट्र व्यवहारात सरकारला असा फरक करण्याची मुभा आहे, न्यायालयांनी त्यात हात घालू नये, असं वरच्या न्यायाधीशांचं मत पडलं. 'नारेंजी खटला' या नावाने हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत राहिला. पुढे विशेष नोंदणीच्या वेळी सरकारी वकिलांना तयार दाखला हवा होता, तेव्हा तो हाताशी होता.

न्यू मेक्सिकोतल्या एका सरकारी विद्यापीठाने १९८०मध्ये ठरवलं की ओलीस सुटेपर्यंत इराणी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, शिकत असलेल्यांना पुढचं सत्र नाही. तिथले विद्यार्थी मात्र न्यायालयात जिंकले. न्यायाधीश सांतियागो काम्पोस यांनी तो ठराव रद्द केला. पण जिंकलेल्या खटल्यांपेक्षा हरलेले खटले लोकांच्या लक्षात जास्त राहतात, आणि त्याहून जास्त राहते ती शेजाऱ्याची नजर. एप्रिल १९८०मध्ये अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले, तेहरानची वकिलात कायमची बंद झाली. त्या काळात इराणी मुलं शाळेत आपण इटालियन आहोत असं सांगत. मोहम्मदचा माइक झाला, फरहादचा फ्रेड. मोठी माणसं 'इराणी' न म्हणता 'पर्शियन' म्हणू लागली, कारण त्या नावाने गालिचे आणि मांजरं आठवायची, ओलीस नाहीत.

पुढची वीस वर्षं त्यांनी पैसा कमावला, मुलं शिकवली. डॉक्टर, दंतवैद्य, इंजिनिअर, घरांचे दलाल, कापडाचे व्यापारी. वेस्टवुडच्या केताब या पुस्तकांच्या दुकानाने काढलेल्या फारसी यलो पेजेसमध्ये हे सगळं पानोपान दिसायचं. राजकारणाचं पान मात्र कोरं. राजकारणाला आई-बाप नसतात, असं फारसीत म्हणतात. ज्यांच्या घरातलं कोणी शाहच्या तुरुंगात गेलेलं आणि कोणी खोमेनीच्या, त्यांना ही म्हण समजावून सांगायची गरज नव्हती. जे राजकारण होतं ते इराणचं होतं. राजेशाहीवाले, मुजाहिदीन, डावे, सुधारणावादी सगळे आपापल्या उपग्रह वाहिन्यांवरून एकमेकांना शिव्या घालत आणि पुढच्या वर्षी तेहरानला परत जाण्याच्या गोष्टी करत. अमेरिकन नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहणं म्हणजे परत जायचं नाही हे मान्य करणं. ते जड होतं.

पहिले बदल वकिलांनी केले. इराणी अमेरिकन बार असोसिएशन २००० साली सुरू झाली. २००२मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल इराणियन अमेरिकन कौन्सिल उभी राहिली. स्वीडनमध्ये वाढलेले त्रिता पारसी तिच्या संस्थापकांपैकी. खासदाराला पत्र कसं लिहायचं, मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं, इथून सुरुवात. हे काम रटाळ होतं आणि ऐकणारे थोडे होते. मग ती डिसेंबरची रांग आली.

२४ डिसेंबर २००२ रोजी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात सरकारविरुद्ध दावा दाखल झाला. दावा करणाऱ्यांत इराणी अमेरिकनांची एक संघटना, अरब अमेरिकनांची जुनी भेदभावविरोधी समिती, मुस्लिम नागरी हक्कांची एक संस्था आणि पाकिस्तानी अमेरिकनांची एक परिषद होती. ही नावं एका कागदावर एकत्र येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. इराणी माणसाला अरब म्हटलेलं चालत नाही, आणि लॉस एंजेलिसच्या सुखवस्तू, धर्मापासून चार हात लांब राहणाऱ्या इराण्यांना मुस्लिम संस्थांशी नाव जोडलं जाणं त्याहून कमी चालत होतं. कोठडीत मात्र सगळे एकाच बाकावर बसले होते. सिनेटर रसेल फाइनगोल्ड, एडवर्ड केनेडी आणि प्रतिनिधी जॉन कॉनियर्स यांनी ॲशक्रॉफ्टना पत्र लिहून योजना थांबवायला सांगितलं. जपानी अमेरिकन नागरिकांची संघटनाही विरोधात उभी राहिली.

अटक झालेले बहुतेक जण काही दिवसांत जामिनावर सुटले. योजना थांबली नाही. यादीतले देश वाढत २५ झाले. उत्तर कोरिया सोडला तर सगळे मुस्लिमबहुल. ८० हजारांहून जास्त पुरुषांनी देशभर नोंद केली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात या नोंदणीतून एकही माणूस दोषी ठरला नाही. नोंदणीविरुद्धचे दावे न्यायालयांत टिकले नाहीत, नारेंजीचा दाखला तिथे उपयोगी पडलाच. १ मार्च २००३ला खुद्द इमिग्रेशन खातं बंद होऊन होमलँड सिक्युरिटी नावाच्या नव्या खात्यात विरघळलं, दरवर्षी पुन्हा हजर होण्याची अट २००३च्या शेवटी गेली, आणि २०११मध्ये सगळे देश यादीतून काढले गेले. नियमाचा सांगाडा मात्र पुस्तकात तसाच ठेवला. तो का ठेवला, हे पुढे कळायचं होतं.

नोंदणीतल्या माणसांचा वंश सरकारी हिशेबात कोणता होता? गोरा. जनगणनेच्या तेव्हाच्या व्याख्येत मध्यपूर्वेतला माणूस गोरा धरला जात होता. ही गोष्ट इराण्यांच्या फार आधी, आपल्या मुंबईच्या एका माणसामुळे न्यायालयात गेली होती. १७९०च्या कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या माणसाला' मिळत असे. न्यूयॉर्कमध्ये व्यापार करणाऱ्या भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी अर्ज केला. सरकारने आक्षेप घेतला. याला दिलं तर उद्या हिंदू, अफगाण, अरब सगळे येतील, असं सरकारी म्हणणं. १९१०मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल दिला की पारशी हे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराणातून आलेल्यांचे वंशज आहेत, हिंदूंहून वेगळे आहेत, तेव्हा ते गोरे. बलसारा नागरिक झाले. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं. सामान्य अमेरिकन माणसाच्या डोळ्याला जो गोरा दिसतो तोच गोरा, असा तो न्याय. आणि १९३९मध्ये, बलसारांना हो म्हणणाऱ्या त्याच न्यायालयाने मुंबईच्याच रुस्तम वाडिया या दुसऱ्या पारशाला गोरा मानायला नकार दिला. एकोणतीस वर्षांत पारशांचा रंग बदलला नव्हता.

इराण्यांना या जुन्या गोरेपणाचा वारसा मिळाला, आणि पहिल्या पिढीला तो आवडलाही. आर्य असल्याचा अभिमान शाहच्या काळात शाळेत शिकवला जात होता. पण गोरं असण्याचा तोटा नागरी हक्कांच्या वकिलांना लवकर कळला. भेदभाव सिद्ध करायचा तर आकडे लागतात, आणि गोऱ्यांच्या ढिगात मिसळलेल्यांचे आकडेच नसतात. किती इराणी आहेत, कुठे राहतात, किती जण मत देतात, किती जणांना नोकरी नाकारली गेली, काहीच सांगता येत नाही. म्हणून २०१०च्या जनगणनेला संघटनांनी मोहीम चालवली, गोरा या चौकटीवर थांबू नका, 'इतर'मध्ये इराणी असं लिहा. सरकारी यादीत नाव गेल्यामुळे पोळलेले लोक आता सरकारी यादीत नाव लिहा म्हणून दारोदार फिरत होते. जुन्या माणसांनी विचारलं, आणि उद्या हीच यादी घेऊन पोलिस आले तर? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. १९४२ साली जपानी वस्त्या शोधायला जनगणनेच्या आकड्यांचा उपयोग झाला होता, हे मोहीम चालवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

निवडणुकीत उभं राहण्याची भीड याच काळात चेपली. शिराझमध्ये जन्मलेले इराणी ज्यू जिमी देलशाद २००३मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि २००७मध्ये महापौर झाले. त्या २००७च्या निवडणुकीत मतपत्रिका पहिल्यांदाच फारसीतही छापली गेली, आणि गावात गहजब झाला. ही मतपत्रिका आहे की पर्शियन हॉटेलचं मेनूकार्ड, अशा तक्रारी नगरपालिकेत आल्या. नेमकं तेच गाव, जिथे जानेवारी १९७९मध्ये शाहच्या बहिणीच्या बंगल्यावर इराणी विद्यार्थ्यांनी हल्ला चढवला होता. पुढे ओरेगनमध्ये, जॉर्जियात, फ्लोरिडात, वॉशिंग्टन राज्यात इराणी नावं मतपत्रिकांवर दिसू लागली. लहानपणी दृष्टी गेलेले सायरस हबीब २०१६मध्ये वॉशिंग्टन राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले.

त्याच नोव्हेंबरात एक फोटो प्रसिद्ध झाला. नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना भेटायला आलेले क्रिस कोबॅक दारात उभे आहेत आणि त्यांच्या काखेतल्या कागदावरची अक्षरं कॅमेऱ्याने टिपली आहेत. पहिल्याच मुद्द्यात जुनी विशेष नोंदणी पुन्हा सुरू करण्याचा उल्लेख वाचता येत होता. कोबॅक २००२मध्ये ॲशक्रॉफ्ट यांच्या हाताखाली होते आणि त्या योजनेचे मुख्य आखणीकार होते. नियम पुस्तकात का ठेवला होता, हे आता कळलं. संघटनांनी ओबामा प्रशासनाच्या मागे लागून जाण्याआधी तो सांगाडा मोडायला लावला. डिसेंबर २०१६मध्ये तो नियम रद्द झाला. चौदा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ज्यांना खासदाराचा फोन नंबर माहीत नव्हता, त्यांनी या वेळी महिनाभरात हे करवून घेतलं, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीत हा त्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला विजय आहे.

महिनाभराने, २७ जानेवारी २०१७च्या संध्याकाळी, सात देशांच्या लोकांना प्रवेशबंदीचा हुकूम निघाला. त्यात इराण होता. हुकूम निघाला तेव्हा विमानं हवेत होती. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरलेल्या एका इराणी वडिलांकडे रीतसर मिळालेला कायम वास्तव्याचा व्हिसा होता, मुलगा अमेरिकन नागरिक होता. त्यांना रात्रभर ठेवून दुबईच्या विमानात बसवून परत पाठवलं. बाहेर वकील जमिनीवर बसून लॅपटॉपवर अर्ज टाइप करत होते, त्यांतले बरेच इराणी, २००२मध्ये शाळा-कॉलेजात असलेले. न्यायाधीश डॉली जी यांनी त्या वडिलांना परत आणण्याचा आदेश दिला आणि २ फेब्रुवारीला ते त्याच विमानतळावर उतरले. १९७९मध्ये अशी कल्पनाही कोणी केली नसती.

त्या फेब्रुवारीत दिग्दर्शक असगर फरहादी यांनी निषेध म्हणून ऑस्करला येणं नाकारलं. त्यांच्या वतीने पुरस्कार घ्यायला उभे राहिले ते दोन इराणी अमेरिकन. स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आलेल्या अनूशेह अन्सारी, आणि नासाच्या मंगळ मोहिमांचं काम पाहिलेले फिरूझ नादेरी.

न्यायालयांतली लढाई दीड वर्ष चालली. पार्स इक्वालिटी सेंटर, बार असोसिएशन, २००८मध्ये स्थापन झालेली पब्लिक अफेअर्स अलायन्स ऑफ इराणियन अमेरिकन्स यांनी दावे लावले. बंदी दोनदा बदलून आली. २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिसरी आवृत्ती उचलून धरली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जपानी छावण्यांना वैध ठरवणारा कोरेमात्सु खटल्याचा निकाल चुकीचा होता असं लिहिलं. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत एक आकडा दिला. कठीण प्रकरणांत सूट देण्याची सोय हुकमात होती, तिचा लाभ पहिल्या महिन्यात ६,५५५ पात्र अर्जदारांपैकी फक्त दोघांना मिळाला होता. तेहरानमध्ये वकिलात नाही, म्हणून व्हिसासाठी अंकाराला, येरेवानला, अबुधाबीला जायचं, मुलाखत द्यायची, आणि परत येऊन वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुलीच्या लग्नाला, नातवाच्या बारशाला आई-बाप नाहीत, वडील वारले तर मुलगा जाऊ शकत नाही, कारण गेला तर परत येता येणार नाही. २० जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी बंदी उठवली तोवर ही परिस्थिती होती.

त्यादरम्यान एक छोटी घटना घडली, जी मला मोठ्या खटल्यांपेक्षा जास्त सांगून जाते. ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये अमेरिकेच्या हल्ल्यात इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेले. दुसऱ्या दिवशी कॅनडातून गाडीने परतणाऱ्या डझनावारी इराणी वंशाच्या लोकांना वॉशिंग्टन राज्याच्या ब्लेन नाक्यावर तासन् तास अडवून ठेवलं, लहान मुलांसकट. यांतले बरेच अमेरिकन नागरिक होते. २००२च्या रांगेत व्हिसावाले होते. इथे कागद पूर्ण होते, फक्त जन्मस्थान चुकलं होतं. सीमा खात्याने आधी साफ नाकारलं. पण नाक्यातूनच फोनवरून बातमी बाहेर गेली होती, चेन्नईत जन्मलेल्या खासदार प्रमिला जयपाल लगेच पुढे आल्या, अंतर्गत आदेशाचा कागद फुटला, आणि शेवटी खात्याच्या प्रमुखांना स्थानिक अधिकाऱ्यांचा उत्साह जरा जास्त झाला असं कबूल करावं लागलं.

हे सगळं ऐकून अमेरिकेतले इराणी एकदिलाने उभे राहिले असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. २०१५च्या अणुकराराने समाज उभा चिरला. कराराच्या बाजूने काम करणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या कौन्सिलवर तेहरानची दलाली केल्याचा आरोप आपल्याच लोकांनी कराराच्या आधीपासूनच केला होता, प्रकरण तेव्हाच अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेलं होतं आणि कौन्सिल तो हरली होती. २०२२मध्ये इराणात पोलिस कोठडीत झालेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या नव्या कार्यकर्त्यांनी खासदारांच्या कचेऱ्यांत खेटे घालून इराणी नेत्यांवर निर्बंध आणणारा, महसाच्या नावाचा कायदा एप्रिल २०२४मध्ये संमत करवून घेतला. त्यातल्या अनेकांना जुन्या संघटना नको होत्या. निर्बंध हवेत की नको, बोलणी हवीत की नको, शाहचं पहलवी घराणं की प्रजासत्ताक, यावर दोन इराणी भेटले की तीन मतं होतात. आज अमेरिकन प्रतिनिधिगृहात इराणी वंशाच्या दोन स्त्रिया आहेत. ओक्लाहोमाच्या स्टेफनी बाइस रिपब्लिकन, ॲरिझोनाच्या यास्मिन अन्सारी डेमोक्रॅट. या समाजाची नागरी हक्कांची बाजू आणि इराणविषयक बाजू एकाच तोंडाने बोलत नाहीत, आणि संघटना दोन्ही एकत्र विकायला जातात तेव्हा अडचणीत येतात.

जून २०२५मध्ये बारा देशांवर नवी प्रवेशबंदी आली, त्यात इराण पुन्हा आहे. त्याआधी, मार्च २०२४मध्ये, सरकारने वंशाच्या सरकारी वर्गीकरणात 'मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका' हा स्वतंत्र गट मान्य केला आणि उदाहरणांत इराणी हा शब्द छापला. २०२०च्या जनगणनेत गोऱ्यांच्या चौकटीखाली हाताने लिहून साडेपाच लाखांहून जास्त लोकांनी आपण इराणी असल्याचं नोंदवलं होतं. संघटना म्हणतात, खरा आकडा याहून बराच मोठा आहे. इराणमधून आलेल्या अर्मेनियनांनी कुठे खूण करायची, हा प्रश्न सरकारने पुढच्या अभ्यासावर सोडला आहे. आपल्याला अरबांच्या गटात का टाकलं म्हणून काही इराणी नाराज आहेत. काहींना गोरंच राहायचं आहे. आणि अजूनही असे लोक आहेत, ज्यांचं म्हणणं आहे की कोणत्याच चौकटीत खूण करू नये.